एका घमेल्यात दोन इंजिनं

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी माझा चुलता आणि माझा होणारा सासरा यांनी आपापल्या ट्रकचं इंजिन मांडवासमोर उघडून ठेवलं होतं. मुहूर्त संध्याकाळचा, गोरज होता. त्यामुळे घाई अशी कुणालाच नव्हती.

चुलते म्हणजे आमचे नाना, उंब्रजचे. लढाईत फौजेच्या गाड्या चालवून आले आणि लढाई संपल्यावर लिलावात निघालेला एक अमेरिकन ट्रक दारात आणून उभा केला. त्याला आठ सिलिंडर. नानांना मूलबाळ नव्हतं, पण 'आठ' हा शब्द ते इतक्या मायेनं उच्चारायचे, की नव्या माणसाला वाटावं, घरात आठ पोरं आहेत! माझे सासरे, आबा, सांगलीकडचे. भिलवडी स्टेशनापासून पाच-सहा कोसांवरच्या गावचे. गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेत पोचवायला त्यांच्याकडे विलायती ट्रक होता. त्याला सिलिंडर सहाच, पण व्हॉल्व्ह डोक्यावर. (म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आताही विचारू नका.) मी स्वतः कोरेगावात शाळामास्तर. यंत्राशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता, आणि तीही शिपाई वाजवायचा.

सोयरिकीच्या बैठकीतच ठिणगी पडली होती. मानपानाचं बोलणं निघायच्या आत नाना म्हणाले, "भरल्या गाडीनं खंबाटकीचा घाट चढतो आमी. आठ शिलिंडर हाईत, चेष्टा न्हाई!"

"चढत आसाल," आबा म्हणाले, "पर वर गेल्यावर तुमचं इंजान चार घागरी पाणी पितंय न्हवं? आमचं बगा. सहा शिलिंडर, पंगतीला बसल्यावानी एका वळीत. आन् व्हॉल्व्ह कुटं? डोक्यावर!"

"डोक्यावर कशापायी? पागोटं हाय व्हय त्ये?"

आबा लाल झाले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी सांगा, कुटलं इंजान चांगलं?"

मी शहाणपणानं म्हणालो, "दोन्ही चांगली आहेत!"

सगळे देव सारखेच असं कुणी म्हटल्यावर पुजारी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली मुलगी, शेवंता, पदरात तोंड लपवून हसली. ते हसू मला इतकं आवडलं, की लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी तिथंच ठरवून टाकलं. पण त्याचबरोबर हेही ठरवलं, की या घरात आपण यंत्रातले ढ नाही हे एकदा दाखवून द्यायचं. पहिला बेत ठीक होता. दुसऱ्यानं घात केला!

लग्नाच्या आदल्या दिवशी आमचं वऱ्हाड नानांच्या ट्रकमधून आबांच्या गावी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना वाद पुन्हा पेटला.

"उघडून दावा की!"

"आदी तुमी दावा!"

"आमी काय भितोय व्हय?"

झालं! दोघांनी धोतरं खोचली. तासाभरात दोन घोंगड्या अंथरल्या गेल्या. एका घोंगडीवर अमेरिका, दुसऱ्या घोंगडीवर विलायत. नट, बोल्ट, काय काय ते मांडून ठेवलेलं. दोघं एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून एकमेकांना नावं ठेवत होते. मग न्याहारीची हाक आली आणि ते हात धुवायला गेले.

हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडू नये म्हणतात. का, ते त्या दिवशी कळलं!

मी अंगभर हळद माखून ओसरीवर बसलो होतो. समोर ते तेलकट, काळेकुट्ट नट दिसत होते. मला वाटलं, हीच वेळ आहे. मांडव घालणाऱ्यांचं एक मोठं घमेलं उचललं, दोन्ही घोंगड्यांवरचं सगळं सामान त्यात ओतलं, वरून रॉकेल घातलं आणि नारळाच्या शेंडीनं घासून घासून लख्ख केलं. मग पुसून पुन्हा मांडलं. आता कसं मांडायचं? मी पडलो मास्तर! शाळेत पोरांची लावतो तशी रांग लावली, उंचीप्रमाणे. बुटके पुढं, उंच मागं.

नाना ढेकर देत बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले. मागून आबा आले, तेही थबकले. मी उभा राहून म्हणालो, "स्वच्छ केलं सगळं!"

दोघांनी रांगेतला एकेक नट उचलून उलटसुलट बघितला. मग आबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाना, ह्यातलं आमचं कुटलं, आन् तुमचं कुटलं?"

"मला इचारू नगा," नाना म्हणाले. "तुमच्या जावयाला इचारा."

"आजून जावई न्हाई झाल्यालं!" आबा गरजले.

तेवढ्यात आतून शेवंताची आत्या धावत आली. "आवं, टेसनावर कवा जायाचं? पोरीचा मामा दुपारच्या गाडीनं उतरंल की!"

आता बोंबला! मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहत नाही. मामा भिलवडी स्टेशनात, आणि ट्रक (दोन्ही!) उंचीप्रमाणे रांगेत. माझे वडील म्हणाले, "बैलगाडी धाडा की." त्यावर नाना आणि आबा त्या दिवसात पहिल्यांदा एका सुरात बोलले, "दारात दोन टरक आसताना बैलगाडी? गाव शेण घालंल तोंडात!"

दोघं रांगेपुढं उकिडवे बसले. अमेरिकन आणि विलायती नट दिसायला भाऊभाऊ, पण आटे निराळे. याचा नट त्याच्या बोल्टवर चढत नाही. नाना एकेक फिरवून बघत होते, आबा एकेक फेकून देत होते. शेवटी आत्याच पुढं झाली. ओसरीवर बायका अक्षतांचे तांदूळ निवडत होत्या.

"आणा हिकडं," ती म्हणाली. "खडं निवडण्यात जलम गेला. ह्ये काय लय अवघड हाय? नमुन्याला येकेक बोल्ट द्या."

तांदूळ बाजूला सरले आणि सुपात नट आले. बायका नट बोल्टवर फिरवून बघत होत्या आणि हसून लोळत होत्या.

"ह्येचं जमलं गं बाई!"

"ह्यो अडला. पत्रिका जुळंना!"

"मास्तरासारका दिसतुया. गुळगुळीत, पर बसत कुटंच न्हाई!"

हे शेवटचं वाक्य कुणाचं होतं ते मला कळलं नाही. आतल्या दाराआडून आलं होतं, आणि आवाज ओळखीचा वाटला.

ऊन कललं तेव्हा दोन सुपं भरली. पण वेळ उरला होता एकच इंजिन जोडण्यापुरता. आता कुठलं जोडायचं, यावर जुंपणार म्हणून मी डोळे मिटले. तर नाना म्हणाले, "आबा, तुमचंच जोडू. तुमच्या दारात तुमचा मान."

"छ्या छ्या! पावण्यांचा मान पयला. तुमची अमेरिकाच घेऊ."

"आसं कसं? विलायतीच!"

"माजी शपत हाय!"

झाली की नाही पंचाईत! सकाळपासून एकमेकांच्या ट्रकला भंगार म्हणणारी ही माणसं आता एकमेकांच्या ट्रकसाठी हातघाईवर आली. तेवढ्यात आतलं दार उघडलं. हळदीनं पिवळी झालेली शेवंता उंबऱ्यात उभी होती.

"आबा," ती म्हणाली, "मला आज लगीन करायचंय. ह्याच माणसाशी. कुटलं बी जोडा, पर मामाला आणा!"

'ह्याच माणसाशी.' माझे कान गरम झाले. सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग मात्र दोघं विलायती ट्रकवर तुटून पडले. मला मांडवाच्या खांबाला टेकून बसवलं आणि हात मांडीवर ठेवायला सांगितलं. नाना नट आवळता आवळता थांबले, म्हणाले, "खरं सांगू का आबा? व्हॉल्व्ह डोक्यावर हाईत त्ये बरं हाय. हात पोचतोय."

आबाही विरघळले. "तुमच्या आठांचा आवाज मला बी आवडतुया. गोड हाय."

ट्रक सुरू झाला, दोघं खांद्याला खांदा लावून पुढं बसले आणि धुरळा उडवत गेले. गाई घराकडे परतत असताना मामाला घेऊन आले. मामा धुळीनं इतका माखला होता, की आधी त्यालाच आंघोळ घालावी लागली. तरी मुहूर्त साधला! मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि 'सावधान'बरोबर माझ्या टोपीवर काहीतरी टणकन आदळलं. आत्याच्या अक्षतांत एक नट राहून गेला होता.

"आपला हाय त्यो!" नाना ओरडले.

"न्हाई, आमचा!" आबा ओरडले. भटजींनी अष्टक पुन्हा म्हटलं.

मग जेवणं. घास भरवायची वेळ आली तेव्हा बायकांनी शेवंताला घेरलं, "नाव घे, नाव घे!" ती जराही लाजली नाही. माझ्या काळ्यापिवळ्या हातांकडे बघून म्हणाली,

"दोन इंजनांचं नट धुतलं येका घमेल्यात,
दिनकररावांच्या हाती पाना देणार न्हाई सात जन्मांत!"

मांडव हसून हसून कोसळायची वेळ आली. नाना आणि आबा एकमेकांच्या गळ्यात पडून डोळे पुसत होते. मी तेवढा हसलो नाही, कारण मी गणित करत होतो: सात जन्म म्हणजे ही बाई माझ्याशी आणखी सहा वेळा लग्न करायला तयार होती, आणि तेही मला पुरतं बघितल्यावर!