मोंडकर बाईंची मळकी विमाने

जामसंड्याच्या थांब्यावर एस.टी. आली, की सर्व प्रवासी दाराकडे धावत आणि मोंडकर बाई गाडीच्या मागे जात. तेथे उभ्या राहून त्या चिखलाचे शिंतोडे आणि धुराचा काळा पट्टा इतक्या एकाग्रतेने पाहत, की शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होण्याच्या दिवशी मी त्यांना परिवहन खात्याच्या तपासनीस समजलो आणि गाडी उशिरा आल्याची रीतसर तक्रार त्यांच्याकडेच केली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तां सगळा खरा. पण हो धूर डावीकडेच कित्याक बसलो, सांगा बघू." दुसऱ्या तासाला कळले, की त्या आमच्याच शाळेच्या चित्रकला शिक्षिका.

बाई प्लास्टिकची छोटी विमाने रंगवीत. मुंबईच्या भाच्याने मे महिन्याच्या सुटीत अर्धवट जोडून टाकलेले एक विमान त्यांनी पुरे केले. ते इतके कोरे दिसले, की बाईंना त्याची लाज वाटली. तेव्हापासून त्या विमाने मळवू लागल्या. कृती अशी : प्रथम मूळ रंग द्यायचा. तो वाळल्यावर पातळ केलेला तपकिरी तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा आणि वरवरचा पुसून घ्यायचा. वैमानिक पाय ठेवतो तेथे रंग उडाल्याचे चंदेरी टिपके द्यायचे, धुराड्यामागे काजळी. विमान मुळापेक्षा बहात्तर पटींनी लहान असेल, तर डागही तितक्याच पटीने लहान हवा. हे साधे त्रैराशिक पुष्कळ पदवीधरांना उमगत नाही.

"डागाक कारण व्हया," हा त्यांचा एकमेव नियम. "कारण नसलेलो डाग म्हणजे नुसती घाण."

गणपतीपूर्वी सारा तालुका घरांचे डाग घालवण्यात गुंतलेला असताना ही बाई डाग घालायला चष्मा लावून बसते, याचे शिक्षकखोलीला फार हसू येई. एका सहकाऱ्याने छाती पुढे काढून विचारले, "बाई, माझ्या शर्टाच्या डागाक काय कारण?" बाईंनी शर्ट नीट पाहिला. "शाई नाय, तेल आसा. भजी कागदात बांधून खिशात घातलात. वर्गात खाल्लात मां?" मुख्याध्यापक शेजारीच बसले होते.

निवृत्ती जवळ आली, तशी बाईंना एकच काळजी लागली. घरातल्या दमट हवेने विमानांवर बुरशी चढे, आणि ती बुरशी, त्यांच्या मते, प्रमाणात नव्हती. शाळेत एक काचेचे कपाट मिळावे आणि विमाने तेथे सुखरूप राहावीत, एवढीच त्यांची मागणी होती. संस्थेचे अध्यक्ष आबा यांनी ती तत्त्वतः मान्य केली. आबांनी समुद्राकडे सिमेंटचा होमस्टे बांधला होता आणि 'शंभर वर्षांचे घर' म्हणून तो पर्यटकांपुढे ठेवायचा होता. त्यासाठी तेथले खरे जुने घर त्यांनी आधी पाडून घेतले होते.

"बाई, तुमी विमाना जुनी करतात, माझा घर करा. कपाट तुमचा."

बाईंनी सुटीत काम सुरू केले. बादली धरायला मी होतो. आबांना दर्शनी कमानीखाली शेवाळाचा देखणा ओघळ हवा होता.

"थय पाणी येताच नाय, आबा. ओघळ खंयसून येतलो?"

"पाणी कित्याक व्हया? रंग आसा मां!"

"हय मात्र येतला," असे म्हणून बाईंनी पाहुण्यांच्या खोलीत छताच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत लांबलचक ओघळ काढला. "स्लॅबाचो उतार उलटो आसा. सगळा पाणी ह्या कोपऱ्यात."

"अहो बाई, थय पलंग आसा!"

"पलंग हलवा."

आबांनी पलंग हलवला नाही. भिंत पांढरी करून घेतली आणि कपाटाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केला.

पावसाळा सरत आला तेव्हा आबांनी आम्हा दोघांना तातडीने बोलावले. त्याच भिंतीवर, त्याच कोपऱ्यातून ओघळ उतरला होता.

"गुपचूप येवन परत काढलात मां, बाई?"

मी बोट लावून पाहिले. ते ओले झाले. मी बोलणार, तोच बाई चष्मा पुसत भिंतीपाशी गेल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"चुकलंय मिया."

"मास्तर, ऐकलात? कबूल झाली!"

"कड चुकली, आबा. मिया मधी गडद केलंय आणि कड फिकी ठेवलंय. हय बघा, पाणी सुकता थय कड काळी होता. इतकी वर्सां उलटाच काढत इलंय."

आबांच्या कानांत कबुली तेवढी शिरली. पुढील सभेत ठराव झाला, की कपाट क्रीडाचषकांसाठी वापरावे. ही बातमी घेऊन मी गेलो, तेव्हा बाई सर्व विमानांच्या डागांच्या कडा दुरुस्त करीत बसल्या होत्या. त्यांनी कुंचला खाली ठेवला. "मगे ह्यांका खंय ठेवू, मास्तर?" इतकेच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या वेंगुर्ल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. मध्यंतरी मी भेटून आलो. बंदराकडे तोंड असलेल्या उघड्या पडवीत, साध्या फळीवर विमाने रांगेने मांडलेली होती. ना काच, ना दार. खारा वारा सरळ आत येत होता. मी शिस्तीचा माणूस. रुमाल काढला आणि पहिल्या विमानाकडे वळलो.

"पुसू नका!" बाईंनी माझे मनगटच धरले. "धूळ कशी बसता तां बघतंय. माका वाटलेला, पंखाच्या टोकाक बसतली. बसली खंय? हय, पंखाच्या मुळात. कपाटात ऱ्हवली असती, तर माका ह्यां कधी कळला असता?"

मी रुमाल खिशात ठेवून बसलो. थोड्या वेळाने त्यांनी मला खुर्ची बाजूला घ्यायला सांगितली. मी वारा अडवीत होतो.