पुनवेच्या पाण्याचा उजेड

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते घरातला उजेड मोजायचं. ऐकणाऱ्याला येड्यासारखं वाटेल. देवाला गेलो नाही, फोटो काढला नाही, एकमेकांना काही गोड बोललो नाही. खोलीतल्या लाद्यांवर मशीन ठेवत फिरलो आणि भांडलो. झालं.

आमचं घर करावे गावात, पार मागच्या अंगाला. पुढचं दार गल्लीत, मागचं दार खाडीच्या फाट्यावर. पूर्वी पुढनं सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत यायचं. मग समोर टॉवर उभा राहिला आणि ऊन बंद झालं. टॉवरवाल्यांना मी शिव्या देत नाही. जमीन आमच्याच लोकांनी विकली, पैसे घेतले, गाड्या घेतल्या. ऊन कुणी विकलं नव्हतं, पण तेही त्यातच गेलं.

माझे गुडघे गेल्यापासून मी होडीवर जात नाही. दोघं घरी बसून लोकांची जाळी शिवायचो. मी सुईत दोरा भरून द्यायचो, मोठी भोकं मी सांधायचो. बारीक काम तिचं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे गावातल्या सगळ्या होडीवाल्यांना माहीत होतं आणि ते माझ्या तोंडावर बोलायचे. आता जाळी तंगुसाची असतात. तंगूस म्हणजे तो काचेसारखा प्लास्टिकचा बारीक दोरा. ट्यूबखाली तो दिसत नाही, नुसता चमकतो, आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्याला दिवसाचाच उजेड लागतो. टॉवर झाल्यावर ती जाळं नाकाला लावून शिवायला लागली.

आमचा मुलगा द्रोणागिरीला एका गोदामात सेफ्टीच्या कामावर आहे. तिथंच फ्लॅट घेतलाय, वरच्या मजल्यावर. आईचे डोळे बघून तो दर रविवारी एकच बोलायचा, "आये, या काळोखात बसून आंधळी होशील. चल माझ्याकडे."

ती एकदा जाऊन राहून आली होती. सोबत एक जाळं नेलं होतं. लिफ्टमध्ये एक बाई नाकाला पदर लावून उभी राहिली. खाली वॉचमननं विचारलं, मावशी, यात काय आहे. सोसायटीत जाळं चालत नाही, असं कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं. आठ दिवसांच्या बोलीनं गेली होती, तिसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली, "तिथं उजेड लय हाय. पन करायचा काय त्याचा?"

माझं खरं सांगतो, मी जायला तयार होतो. लिफ्ट होती, संडासला खाली बसावं लागत नव्हतं. माझ्या गुडघ्यांना तेवढं पुरे होतं. नको होतं ते तिला. हे घर, हे दार आणि हातात जाळं, एवढंच तिला पाहिजे होतं.

मग एका रविवारी मुलगा गोदामातलं उजेड मोजायचं मशीन घेऊन आला. हातात मावेल एवढं, वरती पांढरी वाटी, खाली आकडा. गोदामात कुठं किती उजेड आहे ते या मशीननं बघतात, कागदावर नकाशा काढतात. बारीक काम असेल तिथं तीनशे तरी पाहिजे, असा त्यांचा हिशोब. त्यानं मशीन खोलीच्या मधोमध धरलं. चाळीस आलं.

"बघ," तो म्हणाला, "चाळीस. आमच्या इथं एवढ्यात खोकी पन ठेवून देत नाय."

ती म्हणाली, "मदी कोन बसतो? मदी आमी झोपतो."

"मग कुठं बसतेस तिथं मोजू."

"आता नको. मशीन ठेवून जा. आमी बरोबर मोजून ठेवू. पुढल्या खेपेला ये नि बघ. तीनशे नाय आला तर येते मी तुझ्याकडं, गप येते."

"नक्की?"

"तुझ्या बापाच्या समोर बोलते ना."

पोरगा खूश झाला. मशीन ठेवून गेला. कोणत्या दिवशी यायचं तेही तिनंच सांगितलं. त्या दिवशी त्याला सुट्टी नव्हती, अर्धा दिवस टाकून ये म्हणाली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तो यायचा त्याच दिवशी सकाळचं आटोपून तिनं पदर खोचला. म्हणाली, "उठा. मोजायचा हाय."

तिला आकडे यायचे, बाजारात बसलेली बाई होती ती. लिहिता मात्र येत नव्हतं. मी चौथी शिकलो, पण खाली बसून लादीवर खडूनं लिहायचं म्हणजे मला उठवायला दोन माणसं लागली असती. तिनंच युक्ती काढली. मागच्या भिंतीला खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या पडल्या होत्या, त्या टोपलीत भरून आणल्या. शंभराला एक शिंपली. मी मशीन काठीच्या टोकाला बांधून लादीवर ठेवायचं, तिनं आकडा बघायचा आणि तेवढ्या शिंपल्या त्या लादीवर मांडायच्या.

पहिल्याच लादीला भांडण.

"किती?" मी विचारलं.

"साठ."

आणि तीच पुढं म्हणाली, "दारापाशी साठ? कसा होईल? अवो, सरका बाजूला. तुमचाच काळोख पडतोय त्याच्यावर."

"मी उभा कुठं राहू मग?"

"एवढा वरीस उभे राहिलाव ना माझ्या उजेडात, आज जरा भिंतीला चिकटा."

मी भिंतीला चिकटलो. आकडा वर गेला. तिनं शिंपल्या मांडल्या आणि माझ्याकडे बघून हसली. खालचे दात नव्हते, तरी हसायची तोंड भरून.

असं करत करत पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आलो. पुढच्या अंगाला एखादी शिंपली. देवाच्या फळीखाली काही नाही. मध्ये चटईच्या जागेवर काही नाही. कपाटाच्या पुढं एक. मग मागच्या दाराकडं दोन, तीन, आणि उंबऱ्याजवळच्या लाद्यांवर चार, पाच. मी काठीला टेकून वरनं बघितलं. भरती उतरली की पाणी जसं किनाऱ्यावर कचऱ्याची रेघ टाकून जातं तशी रेघ घरात पडली होती. या रेघेच्या अलीकडं काम होतं, पलीकडं नाही. इतकी वर्षं त्या खोलीत राहिलो, पण कुठं किती उजेड आहे ते मी असं कधी बघितलं नव्हतं.

"घे," मी म्हणालो, "आले तुझे तीनशे. वरती पन गेले."

ती उंबऱ्याजवळ बसून छताकडं बघत होती. छतावर पाणी हलत होतं. खाडीचा फाटा काठोकाठ भरला होता, थंडीतलं तिरकं ऊन त्याच्यावर पडून आत छताला लागत होतं. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

खाडीचं माहीत नसलेल्याला सांगतो. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी लय चढतं, आणि आमच्याकडं ते भर दुपारी चढतं. मधल्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भांग असतो. भांगाला पाणी जेमतेम चढतं, आणि दुपारी तर बाहेर नुसता काळा चिखल असतो. चिखल उजेड गिळतो. होडीवाले उधाणाला मासे मारतात. भांगाला होड्या लावतात आणि फाटलेली जाळी शिवायला देतात. म्हणजे आमचं काम सगळं भांगातलं. आणि आम्ही उजेड मोजला उधाणाला.

"अगो," मी म्हणालो, "आज पुनव हाय."

"हाय."

"भांगाला हितं दीडशे पन यायचे नाय."

"नाय यायचे."

"तुला म्हाईत होता?"

"चंद्र काय मी आज बघते?" ती म्हणाली. "तुमालाच उशिरा कललं. पोराला तर कलनारच नाय. तो तिथी मोबाइलात बघतो, ती पन उपासाची."

"मग हा खोटा झाला ना?"

"खोटा कसा? मशीन त्याचा, आकडा त्याचा. मी नुसता दिवस निवडला."

"नि भांगाला काय करशील?"

"भांगाचा भांगात बघू. आता जेवायला चला."

मी हसलो. रागवायचं होतं, पण हसलो. भात, बोंबलाचं कालवण आणि कांदा. ती चांगली जेवली. शिंपल्यांना हात लावू नका म्हणाली, पोराला तशाच दाखवायच्या आहेत. मग चटईवर आडवी झाली, खोलीच्या मधोमध, जिथं एकही शिंपली नव्हती. उजेडात तिला झोप येत नसे. मी दाराशी बसून सुईत दोरा भरत होतो. चार वाजता चहाला हाक मारली. ती उठली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. डॉक्टर नंतर म्हणाला हृदय बंद पडलं, झोपेत, त्रास झाला नसणार. त्याला कसं माहीत ते मी विचारलं नाही.

पोरगा आला तो आईला उजेड दाखवायला सांगायच्या तयारीनं, दारातनंच ओरडत, "आये, किती आले?" बाकीचं सांगत नाही.

घर माणसांनी भरलं. शिंपल्या पायांखाली फुटल्या, लाथेनं कोपऱ्यात गेल्या. कुणीतरी वाकडं तोंड करून झाडूनं सारख्या केल्या, म्हाताऱ्यांनी घरात काय हा कचरा मांडलाय म्हणून.  रात्रीच तिला पोचवून आलो. माझ्या बहिणीनं चटईच्या जागेवर दिवा ठेवला.

सकाळी उठलो तेव्हा पोरगा दिव्याजवळ बसला होता. त्याचे डोळे सुजले होते. त्यानं चहा केला होता, साखर विसरला होता. मी तसाच प्यायलो.

"बाबा," तो म्हणाला, "दिवस झाले की चल आता. एकटा काय करशील हितं?"

मी म्हणालो, "मशीन कुठं हाय?"

"ते कशाला आता?"

"तुझ्या आईनं मोजलाय. उंबऱ्याजवल चारशेच्या वर आला."

तो रडायला लागला. म्हणाला, "मग ती जिंकली. ती असती तर मी काय बोललो नसतो."

पूर्वी जायला तयार होतो तो मीच, पण आता तिचं दार सोडून जायला मन होत नव्हतं. तिथं मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पोरगा मानला होता. पण आपल्याच पोराला फसवून मला त्या घरात राहायचं नव्हतं. राहायचं तर जसं आहे तसं सांगून राहायचं.

"जिंकली नाय," मी म्हणालो. "काल पुनव होती. पानी भरलेला होता, त्याचा उजेड. अष्टमीला येऊन मोज, निम्मा पन यायचा नाय. तिला म्हाईत होता. म्हनून तुला कालचा दिवस दिलान."

 रडता रडता त्याला हसू आलं. "माझा अर्धा दिवस घालवलान," तो म्हणाला. "बॉसला खोटा सांगून आलो मी." नाक पुसून म्हणाला, "मग तर चलच ना. काळोखच हाय हितं."

"हाय. पन मी नाय येत."

"अरे पन काम कसा करशील?"

"ते बघून येतो," मी म्हणालो आणि काठी घेतली.

बहीण आडवी आली. सुतकात कुठं निघालास, लोक काय बोलतील. मी म्हणालो, लोक काल येऊन बोलून गेले. गेलो तसाच.

जेटीवर सकाळची सुकती होती. पाणी पार लांब, होड्या चिखलात कलंडलेल्या, माणसं पाणी यायची वाट बघत बसलेली. मला बघून सगळे उठले.  मीच बोललो. म्हणालो, उद्यापास्नं भांगात माझ्याकडं जाळं आणायचं नाही. आणायचं ते उधाणात. ज्याच्याकडं दोन जाळी आहेत त्यानं एक पाण्यात टाकावं, फाटलेलं मला द्यावं. पुढच्या उधाणाला शिवून मिळेल. घाई असेल त्यानं दुसरा माणूस बघावा. आणि बारीक काम आता पहिल्यासारखं होणार नाही, तेही सांगून ठेवतो.

एक होडीवाला, तिच्या माहेरच्या गावचा, म्हणाला, "काका, सगळा बरोबर. पन आता नको ना. सुतक हाय तुमाला."

"सुतक मला हाय," मी म्हणालो. "जाल्याला काय हाय?"

 तो होडीत चढला आणि मागनं एक फाटकं जाळं ओढून काढलं. माझ्या खांद्यावर द्यायला लागला, पण माझे पाय बघून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत आला. दारात ठेवून, आत न येता गेला.

मी ते ओढत मागच्या उंबऱ्यापाशी नेलं. पोरगा दुसरं टोक धरून जाळं पसरायला लागला. त्याला ते नीट येत नव्हतं, लहानपणीही येत नव्हतं. बाहेर अजून चिखलच होता, पाणी भरायला दुपार होणार होती. मी बसलो, सुई घेतली आणि हातानं चाचपत पहिलं भोक शोधलं.