भात्याचा दम

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे भाता म्हणत. तीस वर्षं तो फुंकणीच्या टोकावरच्या तापलेल्या गोळ्यात हवा भरून प्रयोगशाळांसाठी गोल भांडी घडवीत आला होता. फुंकर मध्येच तुटली तर काचेवर वळ उमटतो. भात्याच्या भांड्यांवर वळ शोधून सापडत नसे.

दोन वर्षांपूर्वी हृदय दुबळं झालं आणि दम खालावला. हृदयाच्या आणि पायांची सूज उतरवणाऱ्या गोळ्या तो वेळ न चुकवता घेई. मधुमेहाची गोळी मात्र बायकोच्या देखत तोंडात टाकी आणि कामावर जाताना गल्लीच्या वळणावर थुंके. त्या गोळीने एकदा भट्टीसमोर साखर एकदम उतरून हात कापले होते, वितळती काच पायाशी सांडली होती. दम हा हृदयाचा मामला, साखरेचं त्यात काय, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मग एका पंधरवड्यात सहा भांडी वाकडी निघाली. मुकादम नात्याने त्याचा मेहुणा. त्याने चार दिवस झाकून नेलं. शेवटी बजावलं, की दवाखान्याचा दाखला आणा, नाहीतर भट्टी सोडून पेट्या भरायला बसा.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी नळी देऊन जोरात फुंकायला सांगितलं, तेव्हा त्याला हसूच आलं. सवयीने गाल फुगवून त्याने संथ, एकसारखी फुंकर सोडली. गालातली हवा इथे चालत नाही, छातीतली हवी, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मधुमेहाची गोळी रोज घेता का, असं डॉक्टरांनी कागद पाहत विचारलं.

"माझ्यासमोर घेतात," सोबत आलेली बायको म्हणाली.

हात कापतात म्हणून वाटेत थुंकतो, असं त्याने सांगून टाकलं. रक्तातली साखर चढल्याचा अहवाल टेबलावरच होता.

"काका, तुमचं हृदय गेल्या वर्षीइतकंच चालतंय," डॉक्टर म्हणाले. "पण साखर फुप्फुसातल्या बारीक नसांनाही सोडत नाही. छाती ताठरते, आणि आत गेलेली हवा रक्तात पुरेशी उतरत नाही. धडधाकट माणसाचं तेवढ्याने अडत नाही. तुमचं हृदय दुबळं, म्हणून तुमचं अडतं."

"आजपासून घेतली तर?"

"घ्याच. पण गेलेला दम किती परतेल, सांगता येत नाही. हात न कापणारी गोळीही मिळते हो. नुसतं सांगायचं होतंत."

परतताना गल्लीच्या वळणावर बायको थांबली. कुठे थुंकत होतात, तिने विचारलं. त्याने गटाराकडे बोट दाखवलं.

"म्हणजे दोन वर्षं मी या गटाराची साखर सांभाळत होते," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दाखला मिळाला नव्हता. तरी दुपारी कारखान्यात त्याने मेहुण्याकडे काचेचा एक गोळा मागितला. मेहुण्याने दिला. काच लिंबाएवढी फुगली आणि तिथेच थांबली. पुन्हा फुंकायला श्वास उरला नाही. मेहुण्याने त्याच्या हातून फुंकणी काढून घेतली.

तो पेट्यांपाशी जाऊन बसला. पेंढ्यात ठेवण्याआधी पहिल्याच भांड्यावरून त्याची बोटं फिरली. वळ नव्हता. भांडं दुसऱ्या कुणीतरी फुंकलं होतं.