गोवळकोंड्याची टाळी

मेलेल्या नवऱ्याचं खोटं पकडायला हैदराबादेला जाणारी बाई जगात एकच, आणि ती माझ्या वाट्याला विहीण म्हणून आली. निलंग्याच्या या विहीणबाईंचा कुणाच्याच बोलण्यावर भरवसा नाही. माझ्या लेकीची सोयरीक जमली तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे असं कुणीतरी म्हणालं. झालं! "बघू की," म्हणत त्या बैठकीतून उठल्या, भर उन्हात मळ्यात गेल्या, ओंजळभर पाणी प्याल्या आणि मगच सुपारी फोडू दिली. भाकरीसुद्धा त्या परातीत थापत नाहीत, दोन हातांवर थापतात. परात दगा देते म्हणे. त्यांच्या घरी मुक्कामाला गेलं की पहाटे त्याच आवाजाने जाग येते.

अशा बाईला नवरा मिळाला गप्पिष्ट. इवाई, म्हणजे विहीणबाईंचे मालक, तरुणपणी हैदराबादेत हॉटेलात कामाला होते आणि जन्मभर तिथल्याच गोष्टी सांगायचे. विहीणबाई त्यातली एक खरी धरायच्या नाहीत. शेवटच्या दुखण्यात ते म्हणाले, "बाकी सगळं खोटं धर, पर गोवळकोंड्याचं खरं हाय. दारात टाळी वाजवली की पार वर ऐकू येते." दोन दिवसांनी गेले. तेव्हापासून या बाईला चैन नाही. शेवटी जावयाने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, आम्हा दोघींना गाडीत घातलं.

लोक चारमिनारापाशी फोटो काढत होते. विहीणबाईंनी मिनारात डोकं घालून इवाई सांगायचे तो जिना आहे की नाही ते पाहिलं. जिना होता. म्युझियममधल्या घड्याळातून छोटा माणूस निघून घंटा वाजवतो, हेही खरं निघालं. त्यांचं तोंड उतरलं. मग एका पहारेकऱ्याला विचारलं, "आमच्या मालकानं निजामाला चहा पाजला होता म्हणं?" तो हसत सुटला. "हे मातर खोटं!" म्हणून बाई खुलल्या.

गोवळकोंड्याला मात्र पायऱ्या बघून त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला. "ईनबाई, तुमी जा वर, मी दारात टाळी वाजवते. पोरगं नको. बापाची बाजू घेतंय ते."

"आन् मी खोटं सांगितलं तर?"

"तुमाला गोड बोलायला जमत न्हाई. म्हणून तर धाडून राहिले."

धापा टाकत वर गेले. खालून टाळ्या येतच होत्या. शाळेची सहल, गाईड, जो तो वाजवत होता. यातली यांची कोणती, कसं कळणार? परत फिरणार, तेवढ्यात आली. थप थप थप, मग भाकरी फिरवायला लागते तेवढी उसंत, पुन्हा थप थप थप. निलंग्याची पहाट वरपर्यंत आली होती.

खाली येऊन सांगितलं, "आली ऐकू. भाकरी थापून राहिला होता तुमी."

त्या म्हणाल्या, "म्हंजे खरं बोलला की माणूस. आन् मी जलमभर त्याला हासले." पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा दारातल्या घुमटाखाली जाऊन उभ्या राहिल्या. थप थप थप.

"आता कुणासाठी? मी तर खाली आले."

"असंल की कुणी वर."

वर कोण कोण होतं ते मी बघून आले होते. पण धाप लागलेल्या बाईने सगळीकडे नीट पाहिलं असेलच असं नाही. मी पायरीवर बसून राहिले. त्यांचं होईपर्यंत.