नवऱ्याचं खरं वजन

झुरळ दिसलं की मला हाक मारणारा माझा नवरा सशांच्या शिकारीला निघाला, तेव्हाच हे काही खरं नाही, असं मला वाटलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, ट्रॉयला नवीनच होतो. त्याच्या ऑफिसातले लोक दर हिवाळ्यात मिशिगनच्या पार उत्तरेला, रस्ते संपतात तिथल्या जंगलात जायचे. बर्फ कमरेइतका. ससा मिळो न मिळो, माणूस धड परत यायला हवा. म्हणून सामान घ्यायला मीही गेले. एकटा गेला असता तर दुकानदार म्हणेल ते घेऊन आला असता.

दुकानदार गोड बोलणारा होता. मला असले दुकानदार आवडत नाहीत. दाट झाडीत बंदूक घेऊन स्की वळवता येत नाहीत, असं म्हणून त्याने त्या बाजूला सारल्या. मग बर्फात चालताना बुटांखाली बांधायचे सुपाएवढे स्नोशू काढले. लाकडाची चौकट, आत चामड्याच्या वाद्यांची वीण. न खपलेला माल, मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्याने नवऱ्याचं वजन विचारलं.

कशाला हव्यात याला चौकशा? आमच्याकडे भरल्या अंगाच्या माणसाचं वजन कुणी मोठ्याने बोलत नसे, नजर लागते. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी वीस-पंचवीस पौंड कमी करून सांगितलं. मग दुकानदाराने एक लहान, सुबक जोड पुढे केला. तो मला पसंत पडला.

गाडीशी जाऊन मागे वळून पाहिलं, तर दुकानाच्या काचेपलीकडे नवरा आणि दुकानदाराची कुजबुज चाललेली. घरी खोका उघडला, तर आत ते सुपाएवढे!

"बघ, फसवलं ना त्याने?"

"मीच बदलून घेतले. अगं, जेवढं वजन तेवढा मोठा स्नोशू लागतो. तुझ्या हिशोबाने घेतले असते, तर पावलागणिक आत रुतलो असतो."

"म्हणजे खरं वजन सांगितलंस त्याला?"

"बंदूक आणि सॅकसकट."

भर दुकानात! मी मीठ-मोहऱ्या घेतल्या, त्याला स्वयंपाकघरात उभं करून दृष्ट काढली. स्नोशूंचीही काढली. तरी तो गेल्यावर घास गिळवेना.

रविवारी तो आला. "एकही ससा मिळाला नाही," म्हणाला. हे मला लगेच पटलं. "पण चालायला काही त्रास झाला नाही." हे पटलं नाही. दारातच खाली बसून मी दोन्ही हातांनी त्याची पॅन्ट चाचपली. गुडघ्यांच्या वर कोरडी होती; कमरेइतक्या बर्फात तो खरंच रुतला नव्हता. मग त्या गुडघ्यांना मिठी मारून मी ढसाढसा रडले.