आधारवर एक नाव, विम्यावर दुसरं: आमची कळंब-खोपोलीची सहल

माझी नात पल्लवी फोनवर सहलीचा विमा काढत होती तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, "सिन्नरहून कर्जतला चाललोय, लंडनला नाही. आपल्याच राज्यात कसला गं विमा?"

"आजी, माणशी पावणेदोनशे रुपये. तेवढ्याची तर तू आठवड्याला मिसरी लावतेस."

मग तिने विचारलं, "धाकट्या आजीचं नाव काय लिहू?" मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "सुनंदा. आणखी काय?"

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. तिचं माहेरचं नाव कौसल्या, आणि माझंही कौसल्याच. एका घरात दोन कौसल्या नकोत म्हणून लग्नात तिचं नाव बदललं, आणि बदलाच असा हट्ट मी धरला होता. पन्नास वर्षं सगळं गाव तिला सुनंदा म्हणतं. आधार कार्ड मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघालं, त्यावर ती कौसल्याच राहिली. हे मला तेव्हा आठवलं नाही.

सकाळी सहाला तिघी निघालो, गाडी पल्लवी चालवत होती. कसारा घाट उतरून वडापाव खाल्ला, शहापूरहून मुरबाड, तिथून कर्जतजवळचं कळंब. मुरबाडच्या पुढे रस्ता जागोजागी खोदलेला. कंबर दुखत असेल तर मागच्या सीटवर बसू नका. कळंबला एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो, जेवणासकट माणशी अठराशे. कमोड आहे. म्हाताऱ्या माणसांनी हे आधी फोन करून विचारावं, तिथे पोचून लाजण्यात अर्थ नसतो.

दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. संध्याकाळी पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा. मालकीण वाढतच होती. "घ्या वो आजी, आमी शेंगा मोजून देत नाय."

सुनंदाने इतक्या खाल्ल्या की मी म्हटलं, "पोटात वेल उगवेल."

"उगवू द्या, अक्का. पाणी घालायला तुम्ही आहातच."

दुसऱ्या दिवशी महडच्या गणपतीला निघालो. कर्जतवरून खोपोली तासाभरात येते. खोपोलीच्या शिळफाट्याला हार घ्यायला थांबलो. हारवाली रस्त्यापलीकडे होती. मी म्हटलं, "थांब, पल्लवी गाडी वळवून घेते." पण सुनंदा कधी कुणाचं ऐकते? पदर खोचून निघाली. टेंपो आला. तिला धड लागलाही नाही, नुसत्या आरशाने ढकललं. ती मागे पडली आणि डोकं दगडावर आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी पाण्याची बाटली उघडली तर हारवाली ओरडली, "पानी नको पाजू गं! डोक्याला मार हाय. अरे, कोनतरी रिक्षा थांबवा रं!" त्या बाईने दुकान तसंच टाकून आम्हाला रिक्षाने दवाखान्यात पोचवलं, पल्लवी गाडी घेऊन मागून आली. मी तिचं नावही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळतंय, लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा. अँब्युलन्स दारात आली. मोठ्या रुग्णालयात खाट मिळायला मात्र विम्याचा होकार हवा, नाहीतर आधी दीड लाख भरा. दोघींचं मिळून आमच्याकडे अकरा हजार होते. सिन्नरला असतो तर डॉक्टर ओळखीचा, पुतणे दहा मिनिटांत हजर. इथे मी आणि एक पोरगी.

पल्लवीने विमावाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, पॉलिसीत सुनंदा आहे. आधारवर कौसल्या आहे. ही तीच व्यक्ती कशावरून?"

हिचं नाव मी एकदा लग्नात खाल्लं आणि एकदा फॉर्मवर.

आत नर्स तिला जागी ठेवायला हाका मारत होती, कागदावरच्या नावाने. "कौसल्याबाई! ओ कौसल्याबाई, डोळे उघडा!"

मी दारातून "काय?" म्हटलं.

"तुमी नाय वो आजी, पेशंट!"

मी सुनंदा, सुनंदा म्हणून हाका मारल्या. ती हलली नाही. मग नर्सने पुन्हा कौसल्या म्हटलं आणि तिची पापणी उचलली. एवढीशीच. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मग मला सुचलं. धाकटे दीर वारले तेव्हा शेतावर वारस लावताना तलाठ्याने "कौसल्या ऊर्फ सुनंदा" लिहिलं होतं. पुतण्याला फोन केला. "ट्रंकेत फेरफाराचा कागद आहे. कुलूप फोड, पण फोटो पाठव." वीस मिनिटं लागली. अँब्युलन्सवाला दोनदा येऊन म्हणाला, "काय करायचं, आजी?" भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी डोळे तिकडेच जायचे. फोटो आला, पुढे गेला, आणि आणखी बऱ्याच वेळाने त्या शांत बाईचा होकार आला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

आता आम्ही सिन्नरला घरी आहोत. वाटेतला चहा आणि राहण्याचे पैसे सोडले तर जवळजवळ सगळं विम्याने भरलं. तेव्हा घरापासून चार तासांवर जा नाहीतर चाळीस, विमा काढा. आणि नाव आधार कार्ड समोर ठेवून लिहा, शेंगा सोलत सांगू नका.

सुनंदाचा डावा हात अजून थरथरतो. ती म्हणते, दर्शन राहिलं, परत जाऊ. मी हो म्हटलेलं नाही. कुठेही टेंपोचा आवाज आला की मी आधी ती कुठे आहे ते बघते. बाजारात रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट घट्ट धरते.

"सोडा अक्का, लोक बघतायत."

बघू देत. मी सोडत नाही.