आबांनी आवळलेला स्क्रू

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एकदा आवळलेली वस्तू पुन्हा उघडू शकेल असा माणूस अख्ख्या खानदेशात जन्माला आला नव्हता. मिठाच्या बरणीचं झाकण त्यांच्या हातून लागलं की त्या दिवशीची भाजी अळणी. दुरुस्तीला परका माणूस बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे. सासूबाईंचं शिलाई मशीन त्यांनी एकदा घरीच उघडलं, तेव्हापासून ते उलटंच चाले. सासूबाई बिचाऱ्या पोलकं शेवटाकडून सुरुवातीकडे शिवायला शिकल्या. पण आबांचा खरा जीव भडगावच्या आमच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल ट्रकवर. केळी वाहून वाहून त्याला पिकल्या घडांचा वास लागला होता. ऐंशीच्या दशकात मी धुळ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा आबांनी मला देवघराच्या आधी त्याचं इंजिन दाखवलं होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या नानांच्या मुलाचं लग्न शिरपूरला ठरलं. "मन्ही गाडी ऱ्हाताना भाड्यानी कसाले?" म्हणून आबांनी वऱ्हाड नेण्याचा शब्द दिला. आदल्या सकाळी तिकडे नवरदेवाला हळद लागत होती आणि इकडे आबा पाना घेऊन ट्रकच्या बॉनेटमध्ये शिरले. डिझेलच्या फिल्टरमधली हवा काढायची, एवढंच काम. हवा निघाली. मग फिल्टरच्या डोक्यावरचा इवलासा स्क्रू त्यांनी आवळला, आणखी आवळला, आणि कट्कन आवाज झाला. अर्धा स्क्रू बाहेर, अर्धा आत, आणि मधून डिझेलची धार.

नाना हळदीच्या हातांनी धावत आले. "काय व्हयनं आबा?"

"काही नही. तो पहिलेच तुटेल व्हता."

आबांनी तिथे कपड्याचा साबण थापला. डिझेल साबणातूनही आलं. आता फिल्टरचं डोकंच बदलायला हवं होतं, आणि ते मिळणार जळगावला. सासूबाईंनी मलाही आबांसोबत धाडलं. म्हणाल्या, "जाय बाई, नहीतर ह्या नवं इंजिन ली येतीन."

एसटीत आबा रुमालातला तुटका स्क्रू मुठीत धरून बसले होते. दुकानदाराने तो पाहिला आणि विचारलं, "कोणी मोडला?"

"मिस्तरीनं," आबा म्हणाले.

"अशा मिस्तरीला दारात उभं करू नका."

"घरचाच आहे," आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "काढता येत नाही."

मी पदर तोंडाला लावला. दुकानदाराने नवं डोकं बांधून देताना वर बजावलं, "त्याला म्हणावं, दोन बोटांनी आवळ. हे काही बैलगाडीचं चाक नाही."

परतलो तेव्हा ऊन कललं होतं. आबांनी नवं डोकं बसवलं, पंप मारला. फसफसणारे बुडबुडे थांबले, स्वच्छ डिझेल आलं. आता फक्त तो स्क्रू. नाना, पिवळाधमक नवरदेव, सगळी गल्ली श्वास रोखून उभी. आबांनी पाना लावला आणि हात तसाच थांबला. मग तो पाना त्यांनी माझ्यापुढे धरला.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तू आवळ. तुन्हा हात हलका शे."

मी जन्मात पाना धरला नव्हता. जरासा फिरवला, आणखी जरासा. "बस!" आबा एवढ्याने ओरडले की नवरदेव दचकला. ट्रक खोकला, थरथरला आणि सुरू झाला. नानांनी आबांच्या दोन्ही गालांना हळद फासली.

दुसऱ्या दिवशी शिरपूरला पंगत बसली तरी आबांचा पत्ता नव्हता. शोधत गेले, तर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बॉनेट उघडून आत वाकलेले.

"गळतंय का, आबा?"

"नही ना," ते म्हणाले. आवाज असा, की जणू जिवाभावाच्या ट्रकने त्यांना ओळखच दाखवली नव्हती.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली घरात काही बिघडलं की मिस्तरी येतो, अर्ध्या तासात नीट करतो आणि जातो. काही तुटत नाही, कुणी ओरडत नाही. घर फार शांत असतं.